खुराकाचं घड्याळ



संयोजकांनी मला एकच अट घातली आहे. विषय कुठलाही घ्या, पण पावणेनऊला थांबा. समोर बसलेल्या तालमीतल्या पोरांना पहाटे चारला उठायचं असतं. मी तीस-बत्तीस वर्षं मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. तिथं पोरं तास चालू असतानाच झोपायची, त्यामुळे झोपेची वेळ आधी सांगणारा हा श्रोतृवर्ग मला फारच सभ्य वाटला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या वस्तादांच्या तालमीला लागूनच आमचं घर होतं. मी पैलवान झालो नाही. अंगाला तांबडी माती लागली, ती भिंतीवरून उडी मारताना पडलो तेवढीच. पण पहाटे जाग यायची ती जोर मारणाऱ्यांच्या हुंकारानं, आणि उजाडता उजाडता कुंडीत थंडाई घोटल्याचा आवाज यायचा. कॉलेजात गेल्यावर, चार पुस्तकं वाचल्याच्या तोऱ्यात, मी वस्तादांना विचारलं होतं, "पैलवानानं दिवसातनं किती वेळा खावं?" ते लंगोट वाळत घालत होते. वळूनही न बघता म्हणाले, "आधी मला सांग, घाम किती येळा गाळतोस?"

मी तेव्हा हसलो होतो. हे उत्तर नसून बगल देणं आहे, असं वाटलं होतं.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत 'किती वेळा खावं' हा प्रश्न जवळजवळ राजकीय होऊन बसला आहे. घराघरांत दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार त्यांनी गावोगावी नेला: खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, दोनदाच जेवा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. २००९ साली त्यांचं पुस्तक गाजलं आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याची गोष्ट घरोघरी पोचली. एकाच घरात सासू दोनदा जेवते, सून दर दोन तासांनी डबा उघडते, आणि दोघी एकमेकींकडं कीव करत बघतात.

नीट ऐकलं तर हे दोघं भांडत नाहीत. ते वेगवेगळ्या माणसांशी बोलताहेत. दीक्षितांच्या समोर बसलेला माणूस पन्नाशीचा आहे, पोट सुटलेलं आहे, साखर काठावर आली आहे, आणि दिवसभरात चहा-बिस्किटं, फरसाण, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक अशी त्याची तोंडचाळवण चालू आहे. त्याला 'मधलं सगळं बंद' हा एकच नियम झेपतो. दिवेकरांच्या समोरची बाई सकाळी उपाशीपोटी लोकल पकडते आणि रात्री नऊला घरी येऊन समोर दिसेल त्यावर तुटून पडते. तिला मधे मधे खायला सांगणं बरोबरच आहे. मात्र या दोघांपैकी कुणीही पहाटे चारला उठून पाचशे जोर मारत नाही. मला आज बोलायचं आहे ते जे मारतात त्यांच्याबद्दल.

त्याआधी एक जुनी समजूत बाजूला करू. वारंवार खाल्लं की शरीराची भट्टी पेटती राहते आणि चरबी जास्त जळते, असं जिममध्ये आजही सांगतात. अन्न पचवायला शरीर खर्च करतं हे खरं. साधारण खाल्ल्याच्या दहा टक्के. पण दोन हजार कॅलरींचे दहा टक्के दोनशेच होतात, त्या दोनदा खा नाहीतर आठदा खा. लोकांना बंद खोलीत ठेवून, त्यांचा श्वास मोजून हे तपासलेलं आहे. जेवणाचे भाग वाढवले म्हणून दिवसाचा एकूण खर्च वाढत नाही. वजन कमी करायचं असेल तर ज्या रीतीनं तुम्ही एकूण कमी खाल, ती तुमची रीत. एवढं बोलून मी हा मुद्दा सोडतो.

आता खाशाबा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकी इथं सगळ्यांना पाठ असणार. जपानच्या शोहाची इशीशी झुंज झाली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपल्याकडचा अधिकारी तिथं नव्हता, अशी हकीकत आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचो आणि विचारायचो: तो अर्धा तास मिळाला असता तर खाशाबांच्या अंगात नेमकं काय झालं असतं?

स्फोटक डावाला लागणारं इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, स्नायूंमध्ये तीन ते पाच मिनिटांत बरंचसं परत भरतं. रक्तातलं लॅक्टेट उतरायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे हे दोन्ही झालं असतं, आणि दुसऱ्या लढतीला वेगळेच खाशाबा उभे राहिले असते. पण स्नायूंमधला पिष्टाचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो पार संपला असेल तर पुरा भरायला जवळजवळ एक दिवस जातो. आणि मेहनतीनं दुखावलेल्या स्नायूची डागडुजी तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालू असते. अंग सावरण्याचं घड्याळ एक नाही, चार आहेत. पहिली दोन श्वासावर आणि रक्तावर चालतात, तिथं खाण्याचा फारसा संबंध नाही. तिसऱ्याला भाकरी चावी देते. चौथ्याला दूध, अंडी, डाळ, मटण. किती वेळा खायचं हे ठरवायचं असेल तर या शेवटच्या दोन घड्याळांकडं बघायला लागतं, आणि गंमत अशी की त्यांचे काटे सारखे फिरत नाहीत.

भाकरीचं घड्याळ आधी. यकृतात ऐंशी ते शंभर ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावतं. रात्री आठला जेवून चारला उठलात तर यकृताचा साठा बराच उतरलेला असतो. त्यावर तीन तास मेहनत. सातला तुम्ही हौद्यातून बाहेर येता तेव्हा शेवटच्या घासाला अकरा तास झालेले असतात. १९८८ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जॉन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंवर एक प्रयोग केला. मेहनत संपल्याबरोबर साखरेचं पेय दिलं तेव्हा साठा जोरात भरला. तेच दोन तास उशिरा दिलं तेव्हा भरण्याचा वेग साधारण निम्म्यावर आला. यातूनच 'अर्ध्या तासात प्या, नाहीतर मेहनत वाया' ही धास्ती जन्माला आली. पुढं दुसऱ्यांनी तोच प्रश्न लांबवून बघितला. खाणं भरपूर मिळालं असेल तर आठ तासांनी दोन्ही गटांचा साठा सारखाच निघाला.

तुमच्या दोन मेहनतींमध्ये, सकाळी सात ते दुपारी चार, नऊ तास आहेत. वेळ पुरेसा आहे. पण बहुतेक तालमींत त्या नऊ तासांचं काय होतं ते मी बघत आलोय. सकाळी थंडाई, मग झोप, मग एकला एकदम पोट फुटेस्तोवर जेवण, आणि चारला जड पोटानं मातीत. साठा भरलेला नसतो आणि पोट रिकामं झालेलं नसतं. दोन्हीकडून तोटा. सत्तर किलोच्या गड्याला पहिल्या काही तासांत तासाला सत्तर-ऐंशी ग्रॅम पिष्ट चालतं. म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या, किंवा मोठी ताटली भरून पोहे. साडेसात-आठला एवढं खा, मग झोपा, बाराच्या सुमाराला नीट जेवा, आणि चारला हलक्या पोटानं उतरा. सकाळी एकदाच मेहनत करणाऱ्याला ही घाई लागू नाही. त्याच्याकडं आख्खा दिवस आहे.

आता दुधाचं घड्याळ. इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

२०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधक गटानं सरावलेल्या चोवीस तरुणांना पायांचा व्यायाम करायला लावला आणि पुढच्या बारा तासांत प्रत्येकाला दुधातलं प्रथिन दिलं, सगळ्यांना सारखंच, ८० ग्रॅम. फरक फक्त वाटणीचा. काहींना दर दीड तासानं दहा दहा ग्रॅम. काहींना दर तीन तासांनी वीस. काहींना दर सहा तासांनी चाळीस. स्नायू सगळ्यांत जास्त कुणाचा बांधला गेला? मधल्यांचा, चार वेळा, वीस वीस. चिमूटभर प्रथिन सतत दिलं तर स्नायू जागा होत नाही, आणि फार अंतर ठेवलं तर मधे तो रिकामा बसतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हा शोध वाचला तेव्हा मला जुन्या वैद्यांचा एक नियम आठवला. एका प्रहराच्या आत पुन्हा खाऊ नये, आणि दोन प्रहर उपाशी काढू नयेत. आत खाल्लं तर रस बिघडतो, लांबवलं तर बळ घटतं. प्रहर म्हणजे तीन तास. तीनच्या आत नको, सहाच्या पलीकडं नको. जुळतंय खरं. पण म्हणून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' अशी टाळी मी मागणार नाही. ते भूक आणि पचन बघत होते, हे संशोधक स्नायूचा बारीकसा तुकडा काढून बघत होते. दोघं एकाच पारावर येऊन बसले, एवढंच.

आणि लगेच सांगतो की हा पार काही पक्का नाही. त्या प्रयोगातलं प्रथिन होतं व्हे, म्हणजे ताकाच्या निवळीसारख्या पाण्यातून काढलेलं, पोटातून झर्रकन निघून जाणारं. सोबत भाकरी नाही, आमटी नाही. २०२३ साली नेदरलँडमधल्या मास्ट्रिख्टमध्ये दुसरा प्रयोग झाला. व्यायामानंतर काहींना २५ ग्रॅम दूधप्रथिन दिलं, काहींना एकदम १००. आमच्या पिढीनं शिकवलं होतं की एका वेळी वीस-पंचवीसच्या वर गेलं की ते लघवीवाटे जातं. तसं झालं नाही. शंभर ग्रॅमवाल्यांचं शरीर बारा तास झाले तरी ते वापरतच होतं. शरीर म्हणजे काही वाटी नव्हे, भरली की सांडायला. मी स्वतः वर्गात हे वाटीचं उदाहरण वीसएक वर्षं दिलंय. माझे विद्यार्थी आज गावोगावी दवाखाने चालवताहेत, आणि त्यातले काही अजून तेच सांगत असतील. त्यांच्यापर्यंत हे व्याख्यान पोचावं.

मग वाटणीला काहीच अर्थ नाही का? पोटभर मिळत असेल, वजन वाढवायचं असेल, तर वाटणीनं थोडाच फरक पडतो. दिवसाचा एकूण आकडा महत्त्वाचा. तो आकडा, मेहनत करणाऱ्यासाठी, किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास मानतात. पण कमी खायची वेळ येते तेव्हा वाटणीला किंमत येते. जपानमध्ये १९९६ साली बारा बॉक्सर घेऊन एक छोटा प्रयोग झाला. सगळ्यांना दोन आठवडे रोज फक्त १२०० कॅलरी. निम्म्यांना दोन वेळांत, निम्म्यांना सहा वेळांत. वजन दोघांचं सारखंच उतरलं. पण दोनदा खाणाऱ्यांचा मांसाचा भाग जास्त गेला. बाराच माणसं आहेत, फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही वजनगटात बसण्यासाठी किलो उतरवणाऱ्या पैलवानानं तो लक्षात ठेवावा. उपास करून वजन तोडताना जे थोडं खाणार ते एकाच वेळी खाऊन मोकळं होऊ नये.

वजनगटाचा विषय निघाला की पॅरिस ऑलिम्पिक आठवतंच. २०२४ साली विनेश फोगाटचं ५० किलो गटात पहिल्या दिवशी वजन बसलं. तीन लढती जिंकल्या. लढायचं तर दोन लढतींमध्ये खावं-प्यावं लागतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त निघाला. आपल्याकडं त्यावर खूप रडारड आणि राजकारण झालं. मला त्यात एवढंच दिसलं, की २०१८ पासून वजन लढतीच्या सकाळी घेतात, आणि फायनलला गेलात तर दुसऱ्या सकाळी पुन्हा; अशा खेळात 'कधी खायचं' हा प्रश्न 'कुठला डाव टाकायचा' याच्या तोडीचा झाला आहे. आपल्या मातीतल्या मैदानांना याची सवय नाही. मॅटवर जाणाऱ्या पोरांना ती आधीपासून लावावी लागेल.

आता माझी एक फजिती. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक पैलवान सल्ल्याला आला. मी त्याला तक्ता लिहून दिला: दिवसात सहा वेळा, तासांसकट, प्रत्येक वेळी काय आणि किती ग्रॅम. महिन्यानं तो आला तेव्हा दोन किलो उतरलेला. म्हणाला, "सर, सहा येळा करून घालणार कोण?" तो तालमीतच राहायचा. स्टोव्ह एक, पोरं नऊ. घरनं एसटीनं डबा यायचा तो दिवसातनं एकदा. माझ्या तक्त्यापायी त्यानं डब्यातलं सहा भागांत वाटून खायला सुरुवात केली होती. जेवण तेवढंच, फक्त तुकडे झालेले. मी कागदावर शास्त्र लिहिलं होतं आणि स्टोव्ह मोजला नव्हता.

तेव्हापासून 'किती वेळा' हा प्रश्न आला की मी आधी विचारतो, स्वयंपाक कोण करतं. आज आपल्या जिल्ह्यातली किती पोरं पोलीस भरतीच्या तयारीला शहरात खोल्या करून राहताहेत! पाचला उठून १६०० मीटरची तयारी, गोळाफेक, मग दिवसभर अभ्यासिका. जेवण मेसचं, सकाळी अकरा आणि रात्री आठ. त्यांचा 'किती वेळा' मेसवाल्या काकूंनी कधीच ठरवलाय. त्या ताटाचा हिशेब मी एकदा मांडला होता. तीन चपात्या, वाटीभर आमटी, उसळ, भात. चांगल्या मेसमध्ये मोठ्या कष्टानं सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम प्रथिन. दोन ताटांचे पंचावन्न-छप्पन्न. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. सत्तर किलोला ५८ ग्रॅम. म्हणजे मेसवाल्या काकू आपलं काम जवळजवळ चोख करताहेत. त्यांच्याकडं खुर्चीत बसणारा पोरगा असता तर तक्रारीला जागा नव्हती. पण हा पळणारा आहे, त्याला एकशे दहा-बारा पाहिजेत. निम्मं ताटाबाहेरून यायला हवं.

आणि ते कुठं बसवायचं हे घड्याळ आपोआप सांगतं. सकाळी पळून आल्यावर अकरापर्यंत तो चहा-बिस्किटावर काढतो, आणि रात्री आठनंतर थेट दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. ही दोन भोकं. सकाळच्या भोकात दोन उकडलेली अंडी, केळी, मूठभर शेंगदाणे. अंडी चालत नसतील तर मोड आलेले मूग आणि फुटाणे. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा-अकरा ग्रॅम प्रथिन असतं, खिशात मावतं आणि स्टोव्ह लागत नाही. अर्धा लिटर म्हशीचं दूध आणि वर एक अंडं म्हटलं की पावडरच्या एका चमच्याएवढं झालं. पावडर खाल्ली म्हणून पाप लागत नाही. पण ज्या पोराला मेसचं बिल भागवताना विचार करावा लागतो, त्यानं डबा विकत घेण्याआधी हा हिशेब बघावा.

थंडाईबद्दलही बोलायला पाहिजे, नाहीतर वस्ताद मंडळी रागावतील. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. चव मोठी, मान मोठा. पण वीस बदामांत प्रथिन पाच ग्रॅमच्या आसपास. थंडाईतलं खरं काम दूध करतं, बदाम मिरवणुकीत पुढं असतात. आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून कच्चं दूध पिण्याची जी शान आहे, तिच्यावर डॉक्टर म्हणून मी बोट ठेवणारच. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला नावाचा जंतू महिना महिना ताप देतो आणि सांधे धरतो. तापवून प्या, ताकद उतरत नाही.

उपासाचं एका वाक्यात: साबुदाण्याची खिचडी भाकरीचं घड्याळ भरते, दुधाचं नाही, एकादशीला शेंगदाणे आणि दही वाढवा. रोजे धरणारी पोरं आपल्या तालमींत नेहमीच होती. त्यांनी त्या महिन्यात जड मेहनत इफ्तारनंतर ठेवली आणि सहरीला दूध-अंडी चुकवली नाहीत, तर दोन वेळांवरही अंग टिकतं. ज्यांना साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी माझं आजचं काहीही घरी जाऊन लावू नये; आपल्या डॉक्टरांना विचारावं.

राहिलं रात्रीचं भोक. मास्ट्रिख्टच्याच लोकांनी २०१२ साली संध्याकाळी व्यायाम करणाऱ्या तरुणांना झोपण्याआधी ४० ग्रॅम केसिन दिलं. दुधातलं ऐंशी टक्के प्रथिन हेच. पोटात ते दह्यासारखं विरजतं आणि रात्रभर सावकाश झिरपतं. त्या रात्री त्यांच्या स्नायूंची बांधणी बावीस टक्क्यांच्या आसपास जास्त झाली. चाळीस ग्रॅम म्हणजे बरंच होतं, लिटराहून जास्तच दूध. झोपताना एवढं प्यायलं तर पोरं रात्रभर उठत बसतील. त्याच्या निम्म्यानं तेवढंच काम होतं असा भरवसा देता येत नाही, पण दिवसाच्या आकड्यात भर पडतेच.

वस्ताद रात्री नऊला तालमीचं दार लावायचे, त्याआधी प्रत्येक पोराच्या हातात पितळी तांब्या द्यायचे, हे मी भिंतीवरून बघितलेलं आहे. कुणी दोन वेळा घाम गाळला आणि कुणी एकदाच, यावर तांब्या भरायचा की अर्धा, ते तेच ठरवायचे. त्यांचं ते उत्तर मला बगल वाटलं होतं.

आठ चाळीस झाले. बाहेर किटली आलेली दिसते, पेले लावल्याचा आवाज येतोय. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी दूध पिता पिता विचारा. पण ज्यांनी चारचा गजर लावलाय, त्यांना आधी पुढं येऊ द्या.